तीन फोटो, तीन विंडो: पायथनमध्ये या चुका टाळा

समजा, तासगावच्या बागेतलं डाऊनी (केवडा रोग) पडलेलं द्राक्षाचं पान आहे. मूळ फोटो, ग्रेस्केल (काळी-पांढरी) प्रत आणि डागांचा मास्क, म्हणजे फक्त डाग वेगळे दाखवणारं चित्र, तिन्ही वेगळ्या विंडोत हवेत. कोड चालवला तर विंडो एकच उघडते आणि तिच्यात फक्त मास्क दिसतो.

मॅटप्लॉटलिब ही पायथनमध्ये चित्रं दाखवणारी लायब्ररी. तिचं चित्र काढणारं फंक्शन इमशो (imshow) स्वतःहून नवी विंडो उघडत नाही. चालू विंडोतल्या चालू चौकटीतच ते चित्र काढतं. तीनदा बोलावलं की चित्रं एकावर एक बसतात आणि शेवटचं तेवढं वर राहतं. म्हणून प्रत्येक इमशोच्या आधी नवी विंडो उघडणारं फिगर (figure) लिहा. त्याला नंबर देत असाल तर लूपमध्ये तो बदलतोय ना, ते बघा. दरवेळी १ दिला तर तीच जुनी विंडो पुन्हा हाती येते.

दुसरी चूक शोच्या (show, विंडो पडद्यावर आणणारं फंक्शन) जागेची. साध्या स्क्रिप्टमध्ये उघड्या विंडो बंद होईपर्यंत शो प्रोग्रॅम थांबवून ठेवतो. तो लूपच्या आत असला की पहिली विंडो बंद केल्याशिवाय दुसरी येत नाही. शो एकदाच, लूप संपल्यावर, डाव्या कडेला लिहा. चार स्पेस आत सरकला तरी घोळ होतो.

ज्युपिटर नोटबुकमध्ये चित्रं सेलखालीच (कोडच्या चौकटीखाली) येतात, तो दोष तुमच्या कोडचा नाही. स्वतःच्या मशीनवर पायक्यूटी (विंडो उघडणारी लायब्ररी) असेल तर सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह देऊन मॅटप्लॉटलिब क्यूटी (%matplotlib qt) लिहा. गूगलच्या ऑनलाइन नोटबुकवर, म्हणजे कोलॅबवर, हे चालणार नाही, कारण तिथे प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर चालतो.

ओपनसीव्ही (OpenCV) ही चित्रांवर काम करणारी दुसरी लायब्ररी. तिच्यात विंडोची ओळख म्हणजे तिचं नाव. तिघींना 'पान' हेच नाव दिलं तर विंडो एकच राहणार. नावं वेगळी देऊनही एकच दिसत असेल तर वरची विंडो माऊसने बाजूला ओढा, बाकीच्या बहुधा तिच्याखाली असतात. शेवटी की दाबेपर्यंत थांबणारं वेटकी शून्य (waitKey(0)) हवंच, नाहीतर विंडो रिकामी राहते किंवा क्षणात नाहीशी होते. की दाबताना फोकस टर्मिनलवर नको, चित्राच्या विंडोवर हवा.

विंडो जमल्या तरी रंग नीट तपासा, कारण इथली चूक पटकन लक्षात येत नाही. ओपनसीव्ही फोटो निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं, तर मॅटप्लॉटलिब लाल-हिरवा-निळा असा क्रम धरतं. क्रम न बदलता दाखवलं तर डाऊनीचे पिवळे डाग आकाशी दिसतात. ग्रेस्केलला सीमॅप (cmap, रंगांचा संच) ग्रे दिला नाही तर पान जांभळ्या-हिरव्या-पिवळ्या छटांत येतं. तो दिला तरी व्हीमिन (vmin, काळ्याची किंमत) ० आणि व्हीमॅक्स (vmax, पांढऱ्याची किंमत) २५५ लिहाच. ते नसेल तर मॅटप्लॉटलिब प्रत्येक चित्राची सर्वांत कमी किंमत काळी आणि सर्वांत जास्त पांढरी धरतं. मग ६० ते १४० मधलं फिकट पानही ठसठशीत दिसतं आणि दोन विंडोंमधली तुलना फसते.

बरेच फोटो बघायचे असतील तर काम झालेल्या विंडो क्लोजने (close) बंद करा. वीसच्या वर फिगर उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं, कारण त्या सगळ्या मेमरी अडवून बसलेल्या असतात.