तारे साडेचार, तरी ग्राहक का जातो? डिजिटल सेवा चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

ॲपला साडेचार तारे मिळाले आहेत, तक्रारी चोवीस तासांत निकाली निघतात, सर्व्हर क्वचितच बंद पडतो, आणि तरीही नोंदणी केलेल्यांपैकी बरेच जण तिसऱ्या महिन्यानंतर ॲप उघडत नाहीत, असे चित्र ज्यांना दिसते त्यांच्यासाठी हा लेख आहे. पतसंस्थेचे ॲप असो, दवाखान्याची ऑनलाइन नोंदणी असो, क्लासची फी भरण्याची सोय असो किंवा दूध-किराणा घरपोच देणारी सेवा असो, दुखणे बहुधा एकच असते. सेवा देणारा यंत्रणेची कामगिरी मोजत असतो आणि ग्राहक मात्र आपली अपेक्षा आणि प्रत्यक्षात मिळालेला अनुभव यांची तुलना करत असतो. समाधान या तुलनेतून घडते, असे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडले, आणि ग्राहक-मानसशास्त्रात ही मांडणी आजही पायाभूत मानली जाते.

पहिली चूक याच तुलनेतून उद्भवते. जाहिरातीत ‘दोन मिनिटांत कर्ज मंजूर’ असे लिहिले जाते आणि प्रत्यक्षात कागदपत्रांच्या पडताळणीला दोन दिवस लागतात. दोन दिवस हा काळ वाईट नाही. पूर्वी याच कामासाठी शाखेत चार खेपा घालाव्या लागत होत्या. परंतु ग्राहक पूर्वीच्या खेपांशी नव्हे, तर आपणच दिलेल्या दोन मिनिटांशी तुलना करतो. हा दोष शोधण्यासाठी तक्रारींमधील शब्द आणि जाहिरातीतील शब्द शेजारी ठेवून वाचावेत. तेच शब्द दोन्हीकडे आढळले, तर दुरुस्ती सेवेत नव्हे, जाहिरातीत करायची आहे. जाहिरात लिहिणारा आणि तक्रार ऐकणारा हे बहुतेक ठिकाणी एकमेकांशी बोलतही नाहीत, म्हणून ही साधी गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

पैसे अधांतरी असताना गप्प बसणे

दुसरी चूक अधिक महाग पडते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहून ग्राहक यूपीआयने पैसे पाठवतो, बँकेचा संदेश येतो की रक्कम वजा झाली, आणि दुकानदार मात्र म्हणतो की पैसे आलेले नाहीत. मागे रांग असते, समोर ओळखीचा माणूस असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक चक्र फिरत राहते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवून दिले होते की, किती वेळ थांबायचे हे ठाऊक नसलेली आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा प्रत्यक्षापेक्षा लांब वाटते, आणि मनातली काळजी तिला आणखी लांबवते. येथे तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

गंमत अशी की, या प्रसंगासाठी नियम स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला पैसे देताना त्याच्याकडे खात्री पोहोचली नाही, तर हीच मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय ठरते. म्हणजे ग्राहकाला धीर देणारी माहिती अस्तित्वात आहे, परंतु नेमक्या त्या क्षणी त्याच्या पडद्यावर ती नसते.

तेथे ‘व्यवहार अयशस्वी’ एवढेच लिहिणे ही चूक आहेच, पण व्यवहार प्रलंबित असताना तसे लिहिणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण ते वाचून माणूस पुन्हा पैसे भरतो. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने हे दोन शब्द वाचून क्लासची फी दुसऱ्यांदा भरली, आणि नंतर कळले की पहिली रक्कमही जमा झाली होती. पैसे परत मिळाले आणि तक्रार निकाली निघाल्याची नोंद झाली. ते मात्र तेव्हापासून फी द्यायला रोख रक्कम घेऊन स्वतः जातात. अहवालातील ‘निकाली’ आणि ग्राहकाच्या मनातील ‘निकाली’ यांत हे अंतर असते.

त्याऐवजी संदेश असा असावा: ‘तुमच्या खात्यातून ४५० रुपये वजा झाले आहेत. दुकानदाराच्या खात्यात ते जमा झाल्याची खात्री अद्याप मिळालेली नाही. खात्री मिळेपर्यंत पुन्हा पैसे पाठवू नका. रक्कम जमा झाली नाही, तर ती अमुक तारखेपर्यंत तुमच्या खात्यात आपोआप परत येईल.’ त्याखाली व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि ॲपमधूनच तक्रार करण्याची सोय द्यावी. ही सोय सापडली नाही की ग्राहक इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधू लागतो, आणि अशा वेळी पहिल्यांदा दिसणारा क्रमांक भामट्याचाही असू शकतो. आपण मोकळी सोडलेली जागा तो भरून काढतो.

एरवीच्या लहानसहान विलंबासाठी संकेतस्थळे आणि ॲप वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब निल्सन यांच्या तीन मर्यादा पुरेशा आहेत. ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तत्क्षणी वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. काम खरोखरच लांबणार असेल तर आत काय चालले आहे ते दाखवावे. रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रवासाचे पर्याय शोधणाऱ्या संकेतस्थळाने आपण कोणत्या विमान कंपन्या तपासत आहोत हे दाखवले, तेव्हा लोकांना थांबावे लागूनही ती सेवा अधिक मोलाची वाटली. मात्र आत काहीच चालू नसताना नुसती पट्टी सरकवत ठेवणे ही फसवणूक आहे, आणि ती केव्हा तरी उघडी पडतेच.

शेवट बिघडवणे

डॅनियल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांनी एकदा १४ अंश सेल्सियस तापमानाच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवला आणि दुसऱ्यांदा तेच मिनिट अधिक तीस सेकंद असा, ज्या तीस सेकंदांत पाणी जेमतेम एका अंशाने कोमट होत गेले. यांपैकी काय पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी अधिक लांबलेला, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेला, पण शेवट जरा सुसह्य असलेला प्रसंग निवडला. अनुभवाचा कळस आणि शेवट स्मरणात राहतो, कालावधी फारसा राहत नाही.

डिजिटल सेवेत शेवट म्हणजे परतावा, रद्द करणे आणि खाते बंद करणे. आणि नेमके हेच भाग सर्वांत दुर्लक्षित, किंवा मुद्दाम अवघड केलेले असतात. सदस्यत्व घ्यायला दोन टप्पे आणि सोडायला नऊ टप्पे, वर ‘नको, मला बचत करायची नाही’ असे लिहिलेले टोमणेवजा बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा प्रकारांना मज्जाव केला आहे, आणि सदस्यत्वाचा सापळा व नकार देणाऱ्याला लाजवणे हे दोन्ही त्यांत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतो, कारण अडकून पडलेला माणूस आपल्या तक्त्यात ‘टिकलेला ग्राहक’ म्हणून मोजला जातो आणि त्यावरून आपण पुढचे निर्णय घेतो.

आकड्यावर विसंबणे

‘ही सेवा इतरांना सुचवाल का, ० ते १० गुण द्या’ हा प्रश्न फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये रूढ केला. त्यात ९ आणि १० देणारे समर्थक, ७ आणि ८ देणारे तटस्थ, ६ किंवा त्याहून कमी देणारे नाराज मानतात, आणि समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करतात. आता आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असे ऐकत वाढलेला माणूस मोकळ्या मनाने ६ गुण देतो आणि नाराजांत जमा होतो. शिवाय शंभरांत पन्नास समर्थक व वीस नाराज असले तरी उत्तर ३० येते, आणि चाळीस समर्थक व दहा नाराज असले तरीही ३०च. पहिल्या सेवेवर दुप्पट लोक चिडलेले आहेत, हे आकडा सांगत नाही. ताऱ्यांचे तर विचारूच नये. घरपोच देणारा मुलगा दारात उभा राहून ‘पाच स्टार द्या ना, साहेब’ म्हणतो तेव्हा आपण त्याच्या पगारासाठी तारे देतो, सेवेसाठी नाही. कर्मचाऱ्याचा भत्ता गुणांना जोडला की गुण सेवेचे राहत नाहीत.

म्हणून गुणांबरोबर एक मोकळा प्रश्न विचारावा, आणि उत्तरात ‘ठीक आहे’ आले तर सावध व्हावे. मराठी माणूस भांडतो तेव्हा त्याला अजून आशा असते. ‘ठीक आहे’ म्हणतो तेव्हा तो बहुधा दुसरीकडे पाहू लागलेला असतो. जे सोडून गेले त्यांना तर कोणी विचारतच नाही. महिन्याला अशा दहा जणांना फोन करावा, सवलत देऊ नये, फक्त शेवटच्या वेळी ॲप उघडले तेव्हा काय करायचे होते, एवढेच विचारावे.

‘काहीतरी चुकले’

मराठी पर्याय दिला म्हणजे भाषेचे काम झाले, असे समजणे ही शेवटची चूक. यंत्राने भाषांतर केलेले ‘अवैध प्रविष्टी’ वाचून नेमके काय सुधारायचे ते कळत नाही. ‘मोबाइल क्रमांकात दहा अंक हवेत, तुम्ही नऊ लिहिले आहेत’ हे कळते. हे दोष कार्यालयात बसून दिसत नाहीत. पाच वेगवेगळ्या वयांच्या माणसांना आपला मोबाइल नव्हे, त्यांचाच मोबाइल हातात घेऊन एक काम पूर्ण करायला सांगावे आणि शेजारी वही घेऊन बसावे. मदत करायची नाही, ‘खाली बघा’ म्हणायचे नाही. बोट कोठे घुटमळते आणि किती वेळ, तेवढेच लिहून घ्यायचे.