अपडेटनंतर होम असिस्टंट जोडलं जात नाही? आधी पोर्ट तपासा

होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), मॉस्किटो (उपकरणांचे एमक्यूटीटी संदेश इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम) आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी (झिगबी या वायरलेस पद्धतीची उपकरणं त्याला जोडणारा प्रोग्राम) चालवणारा घरचा सर्व्हर अपडेट केला आणि सगळे दिवे-सेन्सर 'अनअव्हेलेबल' झाले, तरी लगेच जुना बॅकअप चढवू नका. कनेक्शन कुठे अडलंय हे आलेल्या एररवरूनच बरंचसं कळतं. मोठ्या अपडेटनंतर डेटाबेसचं रूपांतर चालू असू शकतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबा. होम असिस्टंट ओएस असेल तर तोवर ४३५७ पोर्टवरचं (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक सेवेचा दार क्रमांक) ऑब्झर्व्हर पान उघडून पाहा. होम असिस्टंटचा नेहमीचा ८१२३ पोर्ट बंद असतानाही ते चालतं.

ब्राउझर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणत असेल तर विनंती मशीनपर्यंत पोचली आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं बहुधा कोणी नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर मधे फायरवॉल आहे किंवा राउटरने सर्व्हरला नवा आयपी पत्ता दिला आहे. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे ही दुसरी शंका पुन्हा उरणार नाही.

आता सर्व्हरवर सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून 'एसएस' कमांड टी, एल, एन, पी या चार पर्यायांसह चालवा. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतोय त्याची यादी मिळेल. पोर्टच्या आधी ०.०.०.० असेल तर तो घरातल्या सगळ्या उपकरणांना खुला आहे, १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनला.

मॉस्किटो नेमका इथेच अडतो. २.० आवृत्तीपासून कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसनर' ओळ नसेल तर तो फक्त स्वतःच्या मशीनवरची कनेक्शन घेतो, आणि लिसनर दिला तरी पासवर्डशिवाय कोणाला आत घेत नाही. तो डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर फसगत जास्त होते, कारण मॉस्किटोचा १८८३ पोर्ट डॉकरने बाहेरून उघडलेला असतो आणि यादीत सगळं ठीक दिसतं. त्यामुळे कंटेनरचा लॉग वाचा. 'स्टार्टिंग इन लोकल ओन्ली मोड' ही ओळ दिसली की कारण सापडलं. फाइलमध्ये 'लिसनर १८८३', खाली पासवर्ड फाइलचा मार्ग आणि 'अलाउ अनॉनिमस'ला 'फॉल्स' द्या, मग कंटेनर रीस्टार्ट करा. पासवर्ड फाइलमध्ये नवा वापरकर्ता घालताना कमांडला 'सी' पर्याय लावू नका. त्याने फाइल नव्याने बनते आणि जुने सगळे वापरकर्ते पुसले जातात.

होम असिस्टंट स्वतः डॉकरमध्ये असेल तर कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणाऱ्या) नेटवर्क मोड 'होस्ट', म्हणजे कंटेनरने मशीनचंच नेटवर्क वापरायचं, ही ओळ शिल्लक आहे ना, ते बघा. फाइल नव्याने लिहिताना ही ओळ गळली तर ८१२३ हाताने उघडून पान दिसेलही, पण नवी उपकरणं आपोआप सापडणार नाहीत. त्यासाठीचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारे) संदेश, म्हणजे यूडीपी ५३५३, डॉकरच्या ब्रिजपलीकडे (त्याच्या वेगळ्या अंतर्गत नेटवर्कबाहेर) जात नाहीत. यूएफडब्ल्यू फायरवॉल वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डॉकरने प्रकाशित केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूचे नियम ओलांडून खुले राहतात, होस्ट मोडमधल्या सेवांना मात्र ते लागू होतात. म्हणून होस्ट मोडवर आल्यावर ८१२३ ला वेगळी परवानगी द्यावी लागते.

रिव्हर्स प्रॉक्सीतून (बाहेरच्या विनंत्या होम असिस्टंटकडे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून) '४०० बॅड रिक्वेस्ट' येत असेल तर पोर्ट निर्दोष आहे. होम असिस्टंटच्या एचटीटीपी विभागात प्रॉक्सीचा पत्ता 'ट्रस्टेड प्रॉक्सीज'मध्ये लिहा. डॉकरचं नेटवर्क नव्याने बनलं असेल तर तो पत्ता बदललेला असू शकतो.

फक्त झिगबी बंद असेल तर झिगबीचा डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ) ज्यात आहे तो यूएसबी पोर्ट पाहा. रीबूटनंतर सिस्टिममधलं त्याचं नाव टीटीवाययूएसबी-० चं टीटीवाययूएसबी-१ होऊ शकतं, कारण हे क्रमांक उपकरण सापडेल त्या क्रमाने मिळतात. त्याऐवजी डेव्ह फोल्डरमधल्या 'सीरियल', त्यातल्या 'बाय-आयडी' फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या. कंटेनरच्या 'डिव्हाइसेस' भागातही तेच. 'परमिशन डिनाइड' आलं तर सेवा चालवणारा वापरकर्ता 'डायलआउट' गटात घाला. 'पोर्ट बिझी' आलं तर झेडएचए (होम असिस्टंटची स्वतःची झिगबी जोडणी) आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी एकाच डोंगलवर हक्क सांगताहेत का ते पाहा; एकाला बंद करावंच लागेल.

उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा डोंगल जोडताक्षणी नाहीसा होत असेल, तर अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली 'बीआरएलटीटीवाय' सेवा तो पोर्ट पकडते. घरात ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तरच ती काढा आणि डोंगल पुन्हा लावा.