छोट्या शहरात नोकरीसाठी बिऱ्हाड हलवताय? आधी तिथला एक मंगळवार बघून या

छोट्या शहरातून नोकरीची ऑफर आली की पहिले दोन दिवस घरात सगळे खूश असतात. मोकळे रस्ते, मोठं घर, संध्याकाळी सहाला घरी, मुलांना खेळायला जागा, आणि यातलं काहीच खोटं नसतं बरं का. मी स्वतः चार वर्षांपूर्वी बिऱ्हाड हलवलं आणि आता मागे जायची अजिबात इच्छा नाही, पण आमचं पहिलं वर्ष फार जड गेलं, आणि त्यात शहराचा काही दोष नव्हता, आम्ही ठरवतानाच भलत्या गोष्टी बघत बसलो होतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी ‘राहायला उत्तम शहरं’ वाल्या याद्या बाजूला ठेवा. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेच्या यादीत जगभरातली १७३ शहरं असतात आणि त्यात स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी बघतात, पण घरभाडं आणि रोजचा खर्च त्या गुणांमध्ये धरतच नाहीत. मर्सर या सल्लागार कंपनीची यादी तर कंपन्यांना परदेशी पाठवलेल्या माणसांचे भत्ते ठरवायला सोपं जावं यासाठी असते. म्हणजे तुमचा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नाहीये, आणि तुम्ही ज्या छोट्या शहराचा विचार करताय ते बहुतेक या याद्यांमध्ये नसणारच.

१९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड श्कादे यांनी एक अभ्यास केला होता, तो मला फार पटतो. कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की कुठले लोक जास्त समाधानी असतील, तर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्निया सांगितलं, हवा छान म्हणून. पण प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दल दोन्हीकडचे सारखेच समाधानी होते. आपण जागेचा विचार करतो तेव्हा जे ठळक दिसतं तेवढंच धरतो, डोंगर, नदी, हवा, आणि रोज सकाळी उठून जे करायचं असतं ते विसरतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला, शहर बघायला शनिवार-रविवारी जाऊ नका. मंगळवारी जा, रजा टाकून जा, आणि ज्या ऋतूत ते शहर सगळ्यात वाईट असतं त्या ऋतूत जमलं तर फारच उत्तम. आम्ही पहिल्यांदा रविवारी गेलो होतो, तळ्याकाठी फिरलो, घरी येऊन होकार कळवला. मंगळवार असा घालवा, जसं काही तुम्ही तिथे राहताच. जिथे घर घ्यायचा विचार आहे तिथून ऑफिसच्या वेळेला निघा, घड्याळ लावून. सार्वजनिक वाहनानं जाणार असाल तर स्टॉपवर खरंच उभे राहा आणि शेवटची बस किती वाजता ते विचारा. वेळापत्रकात काय लिहिलंय यापेक्षा स्टॉपवर उभी असलेली बाई काय सांगते ते महत्त्वाचं. दुपारी एखाद्या दवाखान्यात जाऊन नवीन पेशंट घेता का एवढं विचारून या. संध्याकाळी साडेसातला बाहेर पडा आणि बघा काय काय उघडं आहे. रात्री नऊला त्या गल्लीत उभं राहून ती शांतता तुम्हाला आवडते की अंगावर येते ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, मला आवडली होती, नवऱ्याला नव्हती, आणि ते आम्ही एकमेकांना सांगितलं सहा महिन्यांनी.

आता नोकरीबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ऑफर आलेली नोकरी चांगली आहे का हा अर्धाच प्रश्न झाला. ही नोकरी गेली तर दुसरी कुठे, हा उरलेला अर्धा. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलंय की एका धंद्याची माणसं आणि मालक एका ठिकाणी जमतात कारण दोघांनाही एकमेकांची सोय होते. छोट्या शहरात नेमकी हीच सोय कमी पडते. म्हणून नकाशा उघडा, शहराची हद्द विसरा आणि घरापासून पाऊण तासात जाता येईल एवढं वर्तुळ काढा, आजूबाजूची दोन-चार गावं-शहरं मिळून जो पट्टा होतो तोच तुमचा खरा जॉब मार्केट. त्या वर्तुळात तुमच्या कामाचे निदान तीन मालक सापडले पाहिजेत, नावानिशी. सगळा पट्टा एकाच कारखान्यावर किंवा एकाच संस्थेवर जगत असेल तर जपून, कारण तिथे कपात झाली की तुमच्यासारखे शेकडो लोक त्याच आठवड्यात नोकरी शोधायला लागतात आणि घरं विकायलाही त्याच आठवड्यात निघतात.

हेच वर्तुळ जोडीदारासाठीही काढा. आधी काढा. आम्ही नाही काढलं. ‘तुला काय, कुठेही मिळेल’ असं मी नवऱ्याला म्हणाले होते आणि मग तो सात महिने घरी होता. सकाळी मी निघताना तो दारात उभा राहून ‘आज लवकर येशील ना’ विचारायचा, आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी असं विचारलं नव्हतं त्यानं विचारल्यावर पोटात कसं होतं ते मी सांगू शकत नाही. जोडीदाराचं काम, निदान कामाची खरीखुरी शक्यता, ठरल्याशिवाय ऑफर लेटरवर सही करू नका. कंपनीला सरळ विचारा की जोडीदाराला नोकरी शोधायला काही मदत करता का. छोट्या शहरातल्या मालकांना बाहेरून माणूस आणणं आणि टिकवणं अवघड जातं, त्यामुळे ते या बाबतीत बरेचदा मदत करतात, फक्त आपण तोंड उघडलं पाहिजे.

पैशांचा हिशोब पगारावरून करू नका, हातात काय उरतं त्यावरून करा. भाडं कमी होतं हे खरं, पण बस कमी असल्या की घरात एक गाडी लागते, दोघांच्या वेळा वेगळ्या असल्या तर दोन, आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, इंधन धरलं की भाड्यात वाचलेले पैसे कुठे गेले ते कळतं. जुन्या शहरात आई-वडील, मित्र असतील तर वर्षातून किती फेऱ्या होणार तेही लिहा. आणि आत्ताचीच नोकरी घरून करत तिकडे जाणार असाल तर पगार तोच राहणार का हे लेखी घ्या. २०२० मध्ये फेसबुकनं जाहीर केलं होतं की कायम घरून काम करणाऱ्यांचा पगार ते कुठे राहतात त्यानुसार बदलेल, आणि असं करणारी ती एकटी कंपनी नाही.

शिफ्टिंगचा खर्च कंपनी देत असेल तर बारीक अक्षरं वाचा, बरेचदा ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो. तुम्हाला काढून टाकलं तरी परत करावा लागतो का, हे खास विचारा.

घर. पहिलं वर्ष भाड्यानंच राहा, कितीही स्वस्त वाटलं तरी. प्रोबेशन संपू दे, एक पूर्ण वर्ष त्या शहराचं बघून होऊ दे. छोट्या ठिकाणी चांगली भाड्याची घरं ॲपवर येईपर्यंत गेलेली असतात, ती तोंडी फिरतात, म्हणून ऑफिसमधल्या लोकांना आधीच सांगून ठेवा. आणि एक मोह टाळा, रस्ते मोकळे आहेत म्हणून शहराबाहेर लांब, अजून मोठं घर घ्यायचा. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं सरासरी दिवसाला तासभर प्रवासात घालवतात, रस्ता वेगवान झाला की तेवढ्याच तासात अजून लांब राहायला जातात. म्हणजे वाचवलेला वेळ आपणच परत रस्त्यावर ओततो. आलॉइस स्टुत्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली तेव्हाही हेच दिसलं की लांबून येणारे लोक कमी समाधानी असतात आणि मोठं घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई करत नाही. ज्या संध्याकाळसाठी आपण शहर सोडलं ती संध्याकाळ गाडीत घालवायची नाही, एवढं पक्कं ठरवा.

हॉस्पिटल किती लांब यापेक्षा तिथे काय होतं ते बघा. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. ही सोय चोवीस तास असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, एवढं माहीत असावं, घरात वयस्कर माणसं असतील तर नक्कीच. शाळेचे प्रवेश कधी होतात, इंटरनेटचा अपलोड स्पीड त्याच पत्त्यावर किती मिळतो, हे दोन फोनमध्ये कळतं, ते करून टाका.

आणि माणसं. यावर कोणी बोलत नाही पण पहिलं वर्ष याच्यावरच ठरतं. मोठ्या शहरात सतत नवीन लोक येत असतात, छोट्या शहरात लोकांची मैत्री शाळेपासूनची असते, ते तुमच्याशी छान वागतात पण त्यांना नवीन मित्राची गरज नसते, आणि आपल्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. तसं नसतं. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नुकत्याच स्थलांतर केलेल्या लोकांकडून माहिती घेतली होती, त्यात साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांच्या वर लागतात असं दिसलं. ऑफिसमधले तास यात फारसे मदतीला येत नाहीत, सोबत जेवणं, फिरणं, गप्पा, हे तास. आता गणित करा, आठवड्याला दोन तास भेटलात तर ५० तासांना सहा महिने लागतात. म्हणून दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं भेटतील असं काहीतरी पहिल्याच महिन्यात धरा, गाण्याचा क्लास, बॅडमिंटन, वाचनालयातला गट, काहीही, आणि आवडलं नाही तरी निदान दहा वेळा जा.

नवऱ्यानं बुधवारचा बॅडमिंटनचा गट धरला होता. पहिले तीन महिने तो खेळून सरळ घरी यायचा, कोणाशी बोलणं नाही काही नाही. चौथ्या महिन्यात एका बुधवारी दहा वाजले तरी आला नाही, फोनही उचलेना, मी घाबरून खिडकीत उभी. साडेदहाला आला, घामेजलेला, हातात कोणीतरी दिलेली जुनी रॅकेट, म्हणाला गप्पा मारत बसलो होतो, वेळ कळलीच नाही. त्याला नोकरी त्याच गटातल्या एकाच्या ओळखीनं लागली, पुढे तीन महिन्यांनी.