जिनिंगमधला इंडस्ट्रियल कॉम्प्युटर: आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

जालना, सेलू, मानवत, परभणी या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, मी वजनकाट्यावरचे आणि गाठी बांधायच्या प्रेसवरचे इंडस्ट्रियल कॉम्प्युटर बसवतो, दुरुस्तही करतो. हे मशीन मजबूत असतं म्हणून लोक ते कुठंही टांगतात. पण बिनपंख्याचा, जाड ॲल्युमिनियमचा डबा मे महिन्यातल्या उन्हाला सहसा दाद देत नाही. त्याला मारते ती खराब वीज, नाहीतर रुईचा थर. म्हणून कॉम्प्युटर खोक्यातून काढायच्या आधी मी मीटर काढतो.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा, तोही जिनच्या मोटारी चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी सोडत राहावं लागतं. हे काम मालकाला फालतू वाटतं, पण बोर्ड जळाला की मशीन आठवडाभर बंद राहतं आणि गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते.

बसवताना डब्याच्या पात्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) उभ्या ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. वर-खाली वीतभर जागा मोकळी सोडा. पॅनल पीसीवर (स्क्रीन आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात असतो तो) आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही असं, लिहिलेलं असतं, पण बहुतेक मॉडेलमध्ये ते फक्त पुढच्या काचेपुरतं असतं. मागची बाजू उघडीच असते. पॅनलला केबल ग्लँड (केबल आत जाते ते भोक घट्ट बंद करणारी कडी) लावा, रिकामी भोकं बुजवा. सप्लाय २४ व्होल्ट डीसी असेल तर व्होल्टेज एसएमपीएसपाशी (डीसी पुरवणाऱ्या डब्यापाशी) नाही, कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर आणि मशीन चालू असताना बघा. बारीक, लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतो. मग मशीन मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट होतं आणि लोक विंडोज टाकत बसतात.

आपल्याकडं लाईट जाते-येते. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) एसी पॉवर लॉसची सेटिंग शोधून ‘पॉवर ऑन’ करून ठेवा, लाईट आली की मशीन आपोआप उठतं. लहान यूपीएस मात्र लागतोच. डेटा लिहिताना वीज तुटली की एसएसडीवरची, म्हणजे आतल्या डिस्कवरची, फाईल खराब होते.

सर्व्हिसिंग दसऱ्याआधी करा, आणि सीझन चालू असताना दर आठवड्याला पात्या साफ करा. मेन स्विच बंद करून मऊ ब्रशनं वरून खाली झाडा. पात्यांच्या बुडाशी रुई नमद्यासारखी घट्ट बसते, ती ब्रशनं निघत नाही; लाकडी काडीनं उकरून काढा. कंप्रेसरची हवा मारू नका. त्या लाईनमध्ये पाणी आणि तेल असतं, शिवाय उडालेली रुई शेजारच्या कॉन्टॅक्टरवर (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) जाऊन बसते. तिथं ठिणगी पडली तर जिनिंगमध्ये काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सीझनआधी एसएसडीची पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) काढा आणि ती ऑफिसात ठेवा, पॅनलमध्ये नको.

आता सगळ्यात जास्त येणारा फोन. “दादा, काट्यावर वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर येईना गेलंय!” बहुतेक काट्यांचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, कॉम्प्युटरशी आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलच्या पद्धतीनं बोलतो. आधी सॉफ्टवेअरमधला कॉम पोर्ट बरोबर निवडलाय का, आणि बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) इंडिकेटरशी जुळतो का बघा. बऱ्याच ठिकाणी ९६०० असतो. जुळत असेल तर केबल इंडिकेटरकडच्या टोकाला सोडवा आणि त्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेनं जोडा. पुटी नावाच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये तोच पोर्ट उघडा, लोकल एको (टाईप केलेलं प्रोग्रामनं स्वतःच दाखवणं) बंद ठेवा आणि काहीही टाईप करा. अक्षरं परत दिसली तर कॉम्प्युटरचा पोर्ट चांगला आहे, त्या दोन्ही तारा शाबूत आहेत. नाही दिसली तर हीच परीक्षा केबल काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टवर घ्या, दोष केबलचा की पोर्टचा ते लगेच कळतं. मग ५ नंबरची ग्राउंडची तार तपासा, ती या परीक्षेत सापडत नाही. शेवटी इंडिकेटरच्या ५ नंबर आणि पाठवणाऱ्या पिनेमध्ये डीसी व्होल्ट मोजा. शांत असताना साधारण उणे ५ ते उणे १२ दिसायला पाहिजे, वजन जात असताना आकडा हलतो. शून्यावरच बसला असेल तर इंडिकेटरचा पोर्ट गेला समजा. पाऊस-विजांच्या दिवसांत हे फार होतं. काटा लांब असेल तर आरएस-२३२ चा हट्ट सोडा. पंधरा मीटरच्या पुढं मी लांब अंतराला चालणारं आरएस-४८५ च टाकतो, शील्ड (वरून धातूची जाळी) असलेल्या केबलवर, आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करतो.

वजनाच्या पावतीवर भलतीच जुनी तारीख येत असेल तर कॉम्प्युटरच्या आतलं घड्याळ चालवणारा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. मोठी मोटार सुरू होताना मशीन अडकत असेल तर सिग्नलची केबल मोटारीच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमध्ये न्या. बोट एकीकडं आणि बाण दुसरीकडं जात असेल तर टचचं कॅलिब्रेशन करा, पण त्याआधी काच ओल्या फडक्यानं पुसा आणि फ्रेमच्या कडेत अडकलेली रुई काढा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.