मेडिकलला असताना झोप, अभ्यास आणि माणसं यांची सांगड कशी घालावी

आधी उठण्याची वेळ ठरवा. झोपण्याची वेळ वाचता वाचता पुढे सरकत जाते, पण वॉर्ड कुणासाठी थांबत नाही. सकाळी सहाला उठायचं असेल तर साडेदहाला दिवा बंद झालाच पाहिजे. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते, आणि त्यातून भावी डॉक्टरांना सूट नाही. सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर उशिरा उठा.

झोपेचे तास अभ्यासातून वजा करू नका, ते अभ्यासातच धरा. दिवसभरात वाचलेलं पक्कं होतं ते गाढ झोपेत. रात्री दोनपर्यंत ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) घोटून सकाळी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यातला नुसता ‘पोस्टिरियर कॉर्ड’ आठवणं ही या जागरणाची नेहमीची कमाई. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढिसाळ होतं, असं 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात दिसलं. आणि कॉफी? कॅफिनचा हाफ-लाइफ साधारण 5 तासांचा. चारला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन नऊलाही रक्तात असतं, म्हणून शेवटचा कप दुपारीच.

आता अभ्यासाचे तास कमी उरले, मग ते नीट वापरा. हायलायटरने पुस्तक पिवळं करत बसणं हे माझ्या मते काम केल्याचं समाधान देणारं आरामाचं काम आहे. त्यापेक्षा पान वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलं तेवढंच पुन्हा उघडून पाहा. तोच विषय दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने असाच तपासा. वॉर्डात पाहिलेल्या पेशंटचा आजार त्याच संध्याकाळी वाचलात तर तो सहसा विसरत नाही.

माणसांसाठी ‘वेळ मिळाला तर’ म्हणाल तर तो मिळत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ पोस्टिंगसारखी (वॉर्डातल्या ठरलेल्या कामासारखी) वेळापत्रकात लिहून टाका. रोजचं एक जेवण कुणाबरोबर तरी घ्या, आणि त्या वेळी मार्कांचा विषय बंद. मेडिकलबाहेरचा निदान एक मित्र सांभाळा. त्याला तुमच्या रँकशी घेणंदेणं नसतं. परीक्षेच्या तारखा घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन कमी झाल्यावर रुसवे होत नाहीत.

नाइट ड्युटी असेल तर त्याआधी दुपारी दीडेक तास झोपा. ड्युटी संपल्यावर डोळे मिटत असताना गाडी चालवू नका. घरी जाऊन थोडी झोप घ्या आणि त्या रात्री नेहमीच्या वेळेला आडवे व्हा.

परीक्षेच्या आठवड्यात सगळं जमणार नाही. तेव्हा आधी मोबाइलचा वेळ कापा, मग संध्याकाळच्या भेटी दहा मिनिटांच्या फोनवर आणा, मग कमी महत्त्वाचे टॉपिक सोडा. झोपेला हात लावायचाच झाला तर सगळ्यात शेवटी. आणि परीक्षा संपूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कुणाला भेटावंसं वाटत नसेल, तर नवं वेळापत्रक आखत बसू नका. कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.