पणजोबांच्या शोधाला निघण्याआधी

गणपतीला गावी जाणारच आहात, तर पणजोबांच्या शोधाची तयारी आत्ताच करा. घाई कागदांची नको, माणसांची करा. भावकीतलं सगळ्यांत वयस्कर माणूस आधी गाठा आणि त्यांची संमती घेऊन डीएनए चाचणीसाठी लाळेचा नमुना घ्या. पूर्वजाच्या डीएनएचा वाटा दर पिढीला निम्मा होत जातो, आजीकडचा साधारण पाव हिस्साच तुमच्यापर्यंत आलेला असतो. नमुन्याआधी अर्धा तास चहा-पाणी, पान-तंबाखू काही नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

आमची थोरली आत्या चाचणीचं किट घरी पोचायच्या आत गेली. तिच्या आजीचं माहेर कुठलं, हे आता सांगणारं कुणी नाही. म्हणून आजी-पणजीचं माहेर वाडीसकट लिहून घ्या. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस फेरफारांत, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढल्याच्या नोंदींत, मुलींची नावं क्वचितच सापडतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र आईकडूनच येतो, त्यामुळे बायकांचा माग तिथे लागतो. बापाकडच्या वंशासाठी वाय गुणसूत्राची चाचणी, तीही पुरुषाचीच. दोन्हीकडचे नातेवाईक जुळवायला ऑटोसोमल, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेल्या बाकीच्या गुणसूत्रांची, चाचणी घ्या. पणजोबा-पणजी एकच असलेल्या भावंडांत सरासरी तीनेक टक्के डीएनए सारखा निघतो. मामाच्या मुलीशी लग्नं होत आलेल्या घरांत हा आकडा फुगतो, तेव्हा लगेच नातं ठरवू नका.

मग कागद. जुने सातबारा, फेरफार, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर. शाळेत गावावरून पडलेलं आडनाव असतं आणि जमिनीला वेगळंच, तेव्हा दोन्ही शोधा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता, सावंतवाडी त्याआधी संस्थान; दप्तर त्याप्रमाणे विचारा. मोडीतले कागद दिवसाच्या उजेडात फोटो काढून जाणकाराकडे न्या, चिकटलेली पानं ओढू नका. त्र्यंबकेश्वरला घराण्यातलं कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्या सापडतात. आडनाव आणि मूळ गाव नेमकं सांगा.

घरात कुणी मॉरिशसला गेल्याची गोष्ट सांगितली जात असेल, तर ती सोडू नका. १८३४पासून तिकडे गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. कारकुनांनी ऐकून रोमन लिपीत लिहिलेली नावं ती. तेव्हा आपल्या गावाचं आणि त्या माणसाच्या बापाचं नाव किती तऱ्हांनी लिहिता येईल, ते सगळं कागदावर मांडूनच पत्र पाठवा.