न्यूज ॲप डिझाइन करताय? मग आधी बातमीचं पान करा

बहुतेक जण न्यूज ॲपचं काम होम स्क्रीनपासून सुरू करतात, वर स्लायडर ठेवू का, कार्ड गोल कोपऱ्यांचं घेऊ का, खाली टॅब किती. माझं म्हणणं, आधी बातमीचं पान करा, कारण नोटिफिकेशनवरून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून आलेला माणूस थेट तिथेच उतरतो, तुमचं ते सुंदर होम त्याला दिसतही नाही.

पहिलं काम अक्षरांचं. बातमीच्या मजकुराचा फॉन्ट साइज १६ च्या खाली नेऊ नका, १८ असेल तर अजून बरं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं की देवनागरीत घोळ होतो, वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला आणि वेलांटीला जाऊन भिडतो, म्हणून लाइन हाइट, म्हणजे एका ओळीची उंची, फॉन्ट साइजच्या १.६ पट, याच्या आसपास ठेवून बघा. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही फुकट आहेत. आणि हो, मजकूर कोणत्या भाषेत आहे हे फोनला सांगणारा कोड हिंदीचा ठेवू नका, मराठीचा द्या, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मजकुराचं माप अँड्रॉइडवर एसपी या अक्षरांच्या एककातच द्यायचं, म्हणजे कुणी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली असतील तर ती ॲपमध्येही मोठी होतील. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, तेवढी वाढवून एकदा सगळं ॲप फिरून बघाच.

आता हेडिंग, इथे खरी गंमत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागे. 'परीक्षा पुढे ढकलणार नाही' हे हेडिंग कार्डात मावलं नाही आणि ॲपने कापलं की उरतं 'परीक्षा पुढे ढकलणार…', म्हणजे बातमी पार उलटी! त्यामुळे लिस्टमध्ये हेडिंगला तीन ओळी द्या, फोटो लहान झाला तरी चालेल, आणि टेस्टिंगला डमी मजकूर न घेता 'मुख्यमंत्र्यांच्या', 'अर्थसंकल्पीय' असले लांबलचक शब्द असलेली खरी हेडिंग्ज टाका.

दुसरी डोकेदुखी म्हणजे उड्या मारणारं पान. तुम्ही तिसरा पॅरा वाचताय, तेवढ्यात वर जाहिरात लोड होते, मजकूर खाली घसरतो, बोट भलतीकडेच पडतं आणि ब्राउझर उघडतो. उपाय साधा आहे, फोटो आणि जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवायची, जाहिरात आलीच नाही तर रिकामी राहू दे. हेच लिस्टचं, बॅक केल्यावर माणूस जिथे होता तिथेच परत यायला हवा. मधेच आपोआप रिफ्रेश करून त्याला वर फेकू नका, नवीन बातम्या आल्या तर वर एक छोटं बटण दाखवा, त्याला हवं तेव्हा तो दाबेल.

बटणांचा टच एरिया, म्हणजे बोट लागेल ती जागा, अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही त्या त्या फोनवरची मापाची एककं), यात कंजूषी नको. सेव्ह आणि शेअर खाली, अंगठा पोचेल तिथे. तारखेची ओळ फिकट करड्या रंगात लिहायची फॅशन आहे पण उन्हात ती दिसत नाही, अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ ठेवा. 'दोन तासांपूर्वी' हे ताज्या बातमीपुरतं ठीक, दिवस उलटला की वर्षासकट पूर्ण तारीख द्या, नाहीतर जुनीच बातमी लोक नवी म्हणून फिरवत बसतात. डार्क मोडला ठार काळ्याऐवजी गडद करडा घ्या, एवढं पुरे.

नोटिफिकेशनची परवानगी अँड्रॉइड १३ पासून मागावी लागते. ती ॲप उघडल्या उघडल्या मागितली तर लोक सरळ नाही म्हणतात, त्यापेक्षा कुणी एखादा विषय फॉलो केला की तेव्हा विचारा. ब्रेकिंग, क्रीडा, मनोरंजन यांचे चॅनल, म्हणजे वेगवेगळे बंद करता येणारे नोटिफिकेशनचे गट, मात्र वेगळे ठेवा, म्हणजे क्रिकेटला वैतागलेला माणूस फक्त क्रिकेट बंद करेल, अख्खं ॲप नाही.